चारशेसातचं सरबत

प्रस्तुत लेखकाचा ट्रकशी संबंध आला तो लग्नामुळे. हुंडा घेतला नाही याचा त्याला सव्वीस वर्षं अभिमान होता. निफाड तालुक्यातले त्याचे सासरे मात्र जावयाचं देणं विसरणाऱ्यांतले नव्हते. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर त्यांनी वाहतुकीचा धंदा आवरला, द्राक्षबाग मुलाकडे सोपवली आणि १९९८ सालची टाटा ४०७ मुलीच्या नावावर करून टाकली. मुलगी नाशिकला शाळेत गणित शिकवते. त्यामुळे ट्रकचे कागद तिच्या कपाटात आणि ट्रकची दुखणी नवऱ्याच्या डोक्यात, अशी सरळ वाटणी झाली. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासतो. ऱ्हस्व-दीर्घ त्याला कळतं. रेडिएटर कळत नाही.

गाडीबरोबर आबा आले. आबा म्हणजे ड्रायव्हर. वय साठीच्या आसपास, आणि गाडीचे खरे पालक तेच. ते लेखकाला ‘जावईबापू’ म्हणतात. त्या हाकेत आदर किती आणि कीव किती, हे त्याला अजून वेगळं काढता आलेलं नाही.

लासलगावहून कांदा भरून वाशीच्या मार्केटला जायचं आणि परतीला जे मिळेल ते भाडं उचलायचं, हा गाडीचा नेम. जाताना कसारा घाट उतरायचा असतो. तेव्हा गाडी अगदी गुणी असते. येताना तोच घाट चढायचा. याच घाटात रेल्वेला ३७ फुटांत एक फूट वर जावं लागतं, म्हणून कसाऱ्याला गाड्यांच्या मागे जादा इंजिनं जोडून त्यांना वर ढकलतात. चारशेसातला ढकलायला फक्त किन्नर असतो. (कागदोपत्री ‘क्लीनर’. पण त्याला त्या नावानं हाक मारली तर तो मागे बघतो, दुसरं कोण आलं म्हणून.)

एका दुपारी घाटातून आबांचा फोन आला.

“जावईबापू, गाडी गरम झाली.”

“किती गरम?”

“चहा होईल येवढी.”

लेखकानं काट्याबद्दल विचारलं. गाडी कितपत तापली ते दाखवायला डॅशबोर्डवर एक काटा असतो, एवढं त्याला ऐकून माहीत होतं. आबा म्हणाले, “काटा हाये ना. तो बरोबर मधी असतो. गाडी बंद असली तरी मधीच.”

गाडी पिंपळगावच्या मिस्त्रींकडे आणली. मिस्त्रींनी ती रात्रभर गार होऊ दिली. गरम रेडिएटरचं झाकण उघडणाऱ्या माणसाचं तोंड पुढे बरेच दिवस ओळखू येत नाही, हे त्यांनी लेखकाला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा त्याच्या हाताकडे पाहिलं. सकाळी झाकण निघालं. आतलं द्रव्य तिघांनी वाकून पाहिलं.

“चहाच आहे,” लेखक म्हणाला.

“दूध कमी पडलंय,” मिस्त्री म्हणाले.

यात कूलंट शेवटचं कधी घातलं होतं, या प्रश्नाला उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता. लेखकानं सासऱ्यांना फोन लावला.

“कूलंट?” मामा म्हणाले. “आम्ही पाणी टाकायचो. कडवा नदीचं पाणी, नाहीतर बोअरचं. वीस-पंचवीस वर्षं गाडीला काही झालं नाही.”

“मग आता का तापते, मामा?”

“तुमच्याकडे आल्यापासून तापते.”

कारणमीमांसा तिथंच संपली असती, पण मिस्त्रींनी खालचा कॉक सोडला. आधी चहा आला. मग गंजाचा लाल गाळ आला. मग पिवळं पाणी आलं, चांगलं लखलखीत पिवळं, आणि आबांनी नजर दुसरीकडे वळवली. दोन वर्षांपूर्वी रेडिएटर पाझरायला लागला तेव्हा त्यांनी मूठभर हळद टाकली होती. हा उपाय देशभरच्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे आणि बारीक भोकांपुरता तो चालतोही. हळदीची पूड भोकाशी जाऊन बसते. फक्त ती भोकाशीच बसेल आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसणार नाही, असं तिला कोणी बजावलेलं नसतं. “हळद लागली म्हणजे लग्न ठरलं,” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी रेडिएटर चाचांकडे पाठवला.

चाचा त्या भागातले रेडिएटरवाले. दोन्ही टाक्या सोडवून, नळ्यांतून सळया घालून त्यांनी आतला थर खरवडला. याला तिकडे रॉडिंग म्हणतात. संध्याकाळी त्यांनी रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून आत हवा भरली. सात ठिकाणांहून बुडबुडे आले.

“सकाळी तर एकाच ठिकाणी गळत होता,” लेखक म्हणाला.

“बाकी जागा गंजानं धरून ठेवल्या होत्या, साहेब. आपण गंज काढला.”

तांब्या-पितळेच्या त्या जुन्या रेडिएटरला चाचांनी सात डाख दिले आणि बजावलं, “आता यात चांगली चीज टाका.” चांगली चीज म्हणजे कोणती, ते सांगितलं नाही. लेखकाच्या आयुष्यातले पुढचे दोन महिने त्या वाक्यात होते.

दुकानात फळीवर बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. लांबून पाहणाऱ्याला उन्हाळ्यातलं सरबतांचं दुकान वाटावं: खस, गुलाब, कोकम, आणि एक निळं, ज्याच्या चवीची कल्पना करवत नव्हती.

“कोणतं देऊ? लाल, हिरवं, निळं?” दुकानदारकाकांनी विचारलं.

“फरक काय?”

“लालवाल्या गाडीत लाल टाकायचं, हिरव्यावाल्या गाडीत हिरवं.”

“आमच्या गाडीत चहाच्या रंगाचं होतं.”

“मग काहीही चालेल.”

लेखक बाटली न घेता परतला. मुद्रितशोधकाला ‘काहीही चालेल’ हे दोन शब्द सहन होत नाहीत. त्याचं पोटच त्यांच्या विरोधावर चालतं. त्यानं चौकशी सुरू केली, आणि लक्षात आलं की ज्या विषयावर कोणी काही वाचलेलं नसतं त्यावर सगळ्यांचं मत तयार असतं. मेहुण्याच्या मते हिरवं ‘तब्येतीला थंड’. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्या शेठच्या मते लाल भारी, कारण ते महाग. एका निवृत्त एस.टी. मेकॅनिकनं सगळ्या रंगांना एकाच वाक्यात निकालात काढलं: “आमच्या काळी पाणी होतं.” टपरीवर बसलेल्या एका तरुणानं गुलाबी हेच भविष्य असल्याचं सांगितलं. त्याच्याकडे स्कूटर होती. तिला रेडिएटरच नव्हता, पण त्यानं त्याचा आत्मविश्वास कमी झाला नाही.

खरी गोष्ट अशी की रंगाला काही अर्थ नाही. कूलंटमधला मुख्य ऐवज इथिलीन ग्लायकॉल. पॅरिसमधल्या शार्ल-अडोल्फ वुर्त्झ या रसायनशास्त्रज्ञानं १८५६च्या सुमाराला तो पहिल्यांदा बनवला. तेव्हा मोटारच नव्हती. रेडिएटर तापायला अजून काही दशकं होती. ग्लायकॉल मुळात पाण्यासारखा बिनरंगी. रंग कंपन्या घालतात, आपली बाटली ओळखू यावी आणि गळती डोळ्यांना दिसावी म्हणून. तो रंग कोणत्या घटकासाठी कोणता, याचं जगभर चालणारं बंधन नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या पठडीचं, तर दुसरीचं हिरवं अगदी नव्या. जिथं सगळं रंगावरून ओळखायची सवय, आणि झेंडा बघितल्याशिवाय मांडवात शिरायचं नाही हा शिरस्ता, तिथं ही बातमी पचणं अवघडच.

घोळ असतो तो गंजरोधक घटकांत. लेखकाला हे समजलं तेही मेहुण्याच्या बागेमुळे. जुन्या पठडीच्या कूलंटमधले सिलिकेटसारखे घटक सगळ्या धातूवर एक पातळ थर चढवतात, म्हणजे रोग असो-नसो, पूर्ण बागेवर फवारणी. औषध लवकर संपतं. दोन वर्षांत कूलंट बदलावं लागतं. नव्या पठडीतली सेंद्रिय आम्लं मुख्यतः जिथं गंज धरू पाहतो तिथं जाऊन बसतात, म्हणजे जी वेल आजारी तिलाच मात्रा. ती पाच वर्षं पुरतात. १९९०च्या दशकाच्या मध्यात जनरल मोटर्सनं अमेरिकेत असं नारिंगी कूलंट आणलं आणि ‘नारिंगी म्हणजे दीर्घायुषी’ हा समज रूढ झाला. मग दोन्ही पठड्यांचं मिश्रण करणारी तिसरी पठडी आली. तिचा रंग? मिळेल तो.

त्यातही भाऊबंदकी आहे. युरोपातल्या कारखानदारांना फॉस्फेट नको, कारण तिकडच्या कठीण पाण्यात त्याचा साका बसतो. जपान्यांना सिलिकेट नको, कारण त्यानं पाण्याच्या पंपाची सीलं झिजतात असं त्यांचं म्हणणं. त्यांना फॉस्फेट चालतं. म्हणजे एकाच्या ताटातली भाजी दुसऱ्याला वर्ज्य. दोघांच्या गाड्या दोन्हीकडे लाखो मैल पळतात, हा भाग वेगळा.

आणि मग लेखकाच्या वाचनात लायनर आले. मोठ्या डिझेल इंजिनांत सिलिंडरला आतून नळकांडं बसवलेलं असतं. काही इंजिनांत त्याची बाहेरची बाजू थेट कूलंटला भिडते. तो ‘वेट’, म्हणजे ओला लायनर. डिझेलच्या धडक्यांनी ही भिंत थरथरते, तिच्या अंगाशी बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा लोखंडाचा कण टोचून काढतो. कालांतरानं भिंतीला आरपार भोकं पडतात. म्हणून मोठ्या डिझेलच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखे घटक घालतात. त्या रात्री लेखकाला झोप आली नाही. पहाटे साडेपाचला त्यानं आबांना फोन केला.

“आबा, आपल्या गाडीचे लायनर ओले आहेत की कोरडे?”

पलीकडे बराच वेळ शांतता. “सगळं कोरडंच हाये, जावईबापू. पाणी राहातंय कुठं?”

गाडीच्या इंजिनाविषयी त्याला एक गोष्ट मात्र आपली आपण सापडली, आणि ती तो भेटेल त्याला सांगू लागला. या इंजिनाला ४९७ म्हणतात. का? चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १०० मिलिमीटर धरली की गुणाकार २,९५६ घनसेंटिमीटर येतो. हा गुणाकार बायकोनं तोंडी केला. मिस्त्रींना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, “तीस वर्षं खोलतोय, पण असं कधी वाटलं नाही.” यातही कौतुक किती हे कळायला मार्ग नव्हता.

शेवटी त्यानं रंग सोडला आणि आकडे धरले. बाटलीच्या मागे, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, मानकं छापलेली असतात: भारताचं आयएस ५७५९, जपानचं जेआयएस के २२३४, आणि अवजड डिझेलसाठी अमेरिकेचं एएसटीएम डी ६२१०. हे शेवटचं असलं की लायनर ओला निघो की कोरडा, झोप लागते. शिवाय चाचांचे सात डाख शिशा-कथलाचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा. नुसत्या सेंद्रिय आम्लांची कूलंटं मुख्यतः ॲल्युमिनियमवर डोळा ठेवून घडवलेली. म्हणजे म्हाताऱ्या गाडीला जुन्या वळणाचं सिलिकेटवालं, पण अवजड डिझेलला चालणारं औषध बरं. चौकशीअंती असा एक डबा सापडला. रंग हिरवा होता. मेहुणा म्हणाला, “मी काय सांगत होतो?”

त्याआधी लेखकानं एक स्वस्त डबा केवळ या कारणासाठी नाकारला होता की त्यावर हिंदीत ‘शितलक’ छापलं होतं. ज्यांना ‘शी’ दीर्घ काढता येत नाही त्यांच्यावर इंजिन सोपवायचं कसं? दुकानदारकाकांना हा युक्तिवाद कळला नाही. त्यांनी डबा उलटा करून वजन दाखवलं.

मिस्त्री मात्र मुळातूनच विरोधात. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘अँटिफ्रीझ’ होतं आणि उणे ३७ अंशांचा हिमकणांसहित आकडा.

“पिंपळगावला बर्फ पडणार आहे का?”

नेमका हाच प्रश्न त्यांनी निफाड तालुक्यात विचारला, हे त्यांचं दुर्दैव. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एखाद्या हिवाळ्यात दोन-तीन अंशांवर येतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत निफाडचं नाव महाबळेश्वरच्या वर झळकतं. अशा रात्री बागायतदार द्राक्षवेलींसाठी शेकोट्या पेटवतात. मेहुण्याच्या शेकोटीशेजारी आबा ट्रक उभा करतात आणि सकाळी सांगतात की गाडी एका हाकेत सुरू झाली. लेखकानं हा पुरावा मांडला. मिस्त्री म्हणाले, “मग शेकोटी स्वस्त आहे.”

मुद्दा थंडीचा नाहीच, हे त्यांना पटवायला आणखी एक सकाळ गेली. गोठणबिंदू खाली जातो तसा उत्कलनबिंदू वर जातो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर, तिथं ते ९८ च्या आसपासच उकळू लागतं, म्हणजे घाट चढून आलेल्या गाडीला नेमकं तिथं कमी माफ. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं घेतलं तर उकळी १०७ अंशांच्या पुढे सरकते. शिवाय गंज थांबतो. एवढं ऐकून मिस्त्री म्हणाले, “टाका.” ते पटल्यामुळे की कंटाळ्यामुळे, हा तपशील इतिहासजमा झाला.

डबे रिकामे करण्याचा मान लेखकानं स्वतःकडे घेतला. सगळे ओतले. गडद हिरवं, दाट, किंचित गोडसर वासाचं द्रव्य गळ्यापर्यंत भरलं. झाकण लावलं. आबांनी इंजिनाला उदबत्ती ओवाळली. त्या खेपेला गाडी घाटाच्या पायथ्यापासूनच तापली.

डब्यावर, ‘अँटिफ्रीझ’च्या खाली, उणे ३७च्या शेजारी, ठळक अक्षरांत छापलेलं होतं: समप्रमाणात पाणी मिसळून वापरा. एकही चूक नव्हती त्या ओळीत. बहुधा म्हणूनच ती मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटली.

घरी हे कबूल करणं भाग होतं, कारण हिशेब बायकोकडे असतो. तिनं आधी शांतपणे ऐकून घेतलं. शुद्ध ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही; दाट असल्यानं नळ्यांतून सरकतोही कंटाळत. आणि ज्या थंडीच्या जोरावर मिस्त्रींशी वाद घातला होता, त्याही बाबतीत फजिती: निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतो. पाणी घातल्यावरच तो उणे ३७ पर्यंत टिकतो. म्हणजे जास्त पैशांचं घालून कमी संरक्षण विकत घेतलं होतं.

“अर्धं काढा, तेवढंच पाणी घाला,” ती म्हणाली. “सातवीचं गणित आहे.”

कोणतं पाणी, हा पुढचा पेच. मामांचा कौल अर्थातच कडवेला. सासूबाईंनी गोदावरीचं सुचवलं. रामकुंडावरून येताना एक कॅन भरून आणणं सोपं होतं, आणि पुण्यही. पण नाशिकच्या घरातल्या गिझरची कॉइल मागच्याच वर्षी बदलली होती. तिच्यावर बोअरच्या पाण्यानं चढवलेलं पांढरं कवच लेखकानं पाहिलं होतं. ते प्लंबरनं हातोडीनं फोडलं होतं. रेडिएटरच्या नळीत हातोडी जात नाही. म्हणून डिस्टिल्ड वॉटर ठरलं. बॅटरीच्या दुकानात त्यानं पाच लिटरचे कॅन एकदम मागितले, तेव्हा पोरगा कौतुकानं म्हणाला, “किती बॅटऱ्या आहेत, काका?”

काढून ठेवलेल्या हिरव्या द्रव्याचं काय करायचं, यावर मात्र घरात विनोद झाला नाही. ग्लायकॉल चवीला गोडसर असतो. सांडलेला कुत्री चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं जातात, माणसाचीही जातात. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत ते भरून ठेवायला निघालेल्या किन्नराला बायकोनं दारातच अडवलं. मग तो डबाच परत भरला, झाकणावर टेप गुंडाळली आणि लेखकानं चारही बाजूंनी रंगानं ‘विष’ लिहिलं. ‘वि’ ऱ्हस्व. त्या दोन महिन्यांत त्याच्या हातून बिनचूक झालेलं हे एकमेव काम.

मिश्रण बरोबर झालं, तरी गाडी घाटात कुरकुरत राहिली. आता मिस्त्रींनी थर्मोस्टॅटचा विषय काढला, म्हणजे लेखकानं काढला आणि मिस्त्रींनी टाळला. थर्मोस्टॅट ही एक झडप. इंजिन गार असतं तोवर ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. साधारण ८२ अंशांना उघडू लागते. आपल्याकडे गाडी तापली की पहिला इलाज म्हणजे ही झडप काढून फेकणं. त्यानं इंजिन कायम थंडगार राहतं, डिझेल जास्त पितं, झिजतं, आणि काही इंजिनांत तर पाणी आडवाटेनं पळून उलट जास्तच तापतं.

“आपल्या गाडीत वॉल आहे ना?”

“असायला पाहिजे,” मिस्त्री म्हणाले आणि टेबलाकडे पाहिलं. टेबलावर बिलांचा गठ्ठा पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक पितळी, चकतीसारखी वस्तू ठेवली होती. लेखकानंही तिकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं.

“तो तुमचाच,” मिस्त्री म्हणाले. “मामांच्या वेळी काढला होता. मजबूत चीज. इतक्या वर्षांत एक बिल उडालं नाही.”

नवा थर्मोस्टॅट बसला. जुना मिस्त्रींनी मागून घेतला. पेपरवेट म्हणून त्याची सवय झाली होती.

झाकणाचं निदान सासूबाईंनी केलं. त्या दिवशी गाडी अंगणात उभी होती. त्यांनी रेडिएटरचं झाकण हातात घेतलं, उलटं केलं आणि विचारलं, “रिंग कुठाय?” झाकण कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं होतं आणि रबराच्या जागी सायकलच्या ट्यूबचा कापलेला तुकडा होता. “कुकरची रिंग गेली की डाळ शिजत नाही, नुसतं पाणी उडतं. एवढं शिकलेले तुम्ही.” त्यांचं बरोबर होतं. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते; दाब पौंडभर वाढला की उकळी दीड-एक अंशानं पुढे जाते. पंधरा पौंडांचं चांगलं झाकण असलं तर निम्मं-निम्मं मिश्रण १२८ अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. ट्यूबच्या तुकड्याला हे माहीत नव्हतं.

नवं झाकण, नवा वॉल, नवा काटा, सात डाख, योग्य मानकाचं योग्य प्रमाणातलं कूलंट. एवढं झाल्यावर लेखक स्वतः गाडीबरोबर निघाला. वाशीला कांदा उतरवला, परतीला खताच्या गोण्या भरल्या. कसाऱ्यापर्यंत काटा शहाण्यासारखा होता. घाटाच्या तिसऱ्या वळणावर तो हलला. पाचव्या वळणावर लाल पट्टीच्या उंबरठ्यावर उभा राहिला. आबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि काही न बोलता तंबाखूची डबी उघडली. हे न बोलणं लेखकाच्या अंगावर आलं.

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसून सर्व शक्यतांची मनात उजळणी करू लागला. हेडचं पॅकिंग? वॉटर बॉडी? की लायनर ओलेच निघाले? किन्नर पुढच्या जाळीशी उकिडवा बसला होता. गाडी पुरती निवल्यावर त्यानं जाळीच्या फटीतून एक काडी आत घातली आणि फिरवली. काडीला काहीतरी गुंडाळून आलं. मग त्यानं जाळीचे स्क्रू सोडले, हात आत घातला आणि रेडिएटरच्या अंगावरून एक अख्खी रजई सोलून काढली.

कांद्याची सालं होती. लासलगावच्या आवारात ती सदान् कदा उडत असतात. पंखा ती ओढून घेतो, त्यावर धूळ बसते, पावसाची रिपरिप होते, पुन्हा सालं बसतात. आतल्या पाण्याची काळजी घेणाऱ्यांच्या नजरेला बाहेरून वारा लागतो की नाही हे पडलंच नव्हतं. चाचांनी रेडिएटर स्वच्छ करून दिल्याला दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत कांद्याचा हंगाम ऐन भरात होता.

“तुला आधी कसं कळलं नाही रे?” लेखकानं विचारलं.

“कळलं व्हतं. दर आठवड्याला मीच झाडायचो पाइपानं. मामांनी लावून दिलं व्हतं.”

“मग बंद का केलंस?”

“तुम्ही म्हनले ना, रेडिएटरला कुनी बोअरचं पानी लावायचं नाही.”

आबांनी डबी बंद केली. वाऱ्यानं सालं घाटाखाली गेली, लाल, जांभळी, काही पारदर्शक. किन्नरानं कॅनमधून पाणी घेऊन पाती धुतली. (डिस्टिल्ड. दुसरं नव्हतंच.) गाडी सुरू झाली आणि इगतपुरीपर्यंत काटा मधोमध राहिला, या वेळी गाडी चालू असताना.

इगतपुरीला चहाला थांबले तेव्हा शेजारी एक ट्रक येऊन उभा राहिला, बॉनेटखालून वाफ सोडत. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला, चारशेसातच्या गार बॉनेटवर हात ठेवून पाहिला आणि लेखकाकडे वळला.

“शेठ, घाट चढूनही गाडी गार आहे. कोणतं कूलंट टाकलंय?”

दोन महिने लेखक या प्रश्नाची वाट पाहत होता. त्यानं पेला खाली ठेवला, घसा साफ केला, सिलिकेटपासून सुरुवात करावी की थेट डी ६२१० वर यावं याचा क्षणभर विचार केला.

“हिरवं,” आबा म्हणाले.

“हां. हिरवं चांगलं असतं,” ड्रायव्हर म्हणाला, आणि बाटली घ्यायला दुकानाकडे गेला.